द. रा. कापरेकर आणि ६१७४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द. रा. कापरेकर कोण होते?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९२७ मध्ये त्यांना रँगलर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीतच शिकवत राहिले. १९८६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही, मार्गदर्शक नाही. निवृत्तिवेतन अपुरे पडे म्हणून निवृत्तीनंतरही ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. एवढ्या साधनांत त्यांनी शोधलेल्या संख्यांची नावे आज जगभरच्या संख्या-सिद्धांतात चालतात: कापरेकर स्थिरांक (म्हणजेच ६१७४), कापरेकर संख्या, स्वयंभू संख्या, हर्षद संख्या, डेम्लो संख्या.

नाव 'कापरेकर' की 'कप्रेकर'?

कापरेकर. रोमन लिपीतून नाव परत देवनागरीत आणताना 'कप्रेकर', 'काप्रेकर' अशी रूपे होतात. मराठीत लिहिताना तरी ती टाळावीत.

६१७४ ची रीत नेमकी कशी करायची?

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. अट एकच: चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या तयार करा, तेच अंक चढत्या क्रमाने लावून लहान संख्या तयार करा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा.

३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ७६४१ − १४६७ केले की पुन्हा ६१७४ च येते, आणि कितीही वेळा केले तरी तेच. म्हणून याला स्थिरांक म्हणतात. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुढे पन्नाशीच्या दशकात 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात त्यांचे यावरचे लेखन आले.

माझे उत्तर शून्य आले. मग नियम चुकीचा का?

नियम बरोबर आहे, तुमच्याकडून एक शून्य गळले आहे. ही सर्वांत जास्त होणारी चूक, म्हणून नीट पाहू.

२१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. इथे उत्तर तीन अंकी दिसते. ते तसेच पुढे नेले तर ९९९ − ९९९ = ० होते आणि गाडी थांबते. पण आपण चार घरांचा खेळ खेळतो आहोत, म्हणून उत्तर ०९९९ असे लिहायला हवे. आता ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. पाच पायऱ्या.

हा खड्डा फार थोड्या संख्यांच्या वाटेवर आहे. तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा फक्त एकाने मोठा किंवा लहान असेल, तरच उत्तर ०९९९ येते. १००० ते ९९९९ मध्ये अशा संख्या ६८ आहेत. शिवाय हे फक्त पहिल्याच पायरीला घडू शकते, पुढे कधीच नाही. काही ठिकाणी 'तीन अंक सारखे नसावेत' अशी जादा अट छापलेली आढळते, ती या ६८ संख्यांना घाबरून घातलेली असते. शून्य जपले की तिची गरज उरत नाही. ५५५१ ला तर शून्य जपण्याचाही प्रश्न येत नाही.

शून्य असलेल्या संख्येची लहान मांडणी कशी करायची?

शून्ये पुढे ठेवून. २००५ ची मोठी मांडणी ५२०० आणि लहान ००२५. लहान मांडणीत २५ लिहिले तरी वजाबाकी तीच येते, पण मोठ्या मांडणीतली शून्ये विसरून ५२ लिहिले की सगळे बिघडते. चारही घरे आखून घेतली की ही चूक होत नाही.

मधली वजाबाकी बरोबर झाली का, हे लगेच कसे तपासावे?

इथे एक सुंदर चाचणी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक उत्तर दोनपैकी एका साच्यात बसलेच पाहिजे.

पहिला साचा: पहिला आणि शेवटचा अंक मिळून १०, मधले दोन अंक मिळून ८. उदाहरणार्थ ३०८७ मध्ये ३ + ७ = १० आणि ० + ८ = ८. ६१७४ मध्ये ६ + ४ = १० आणि १ + ७ = ८.

दुसरा साचा: मधले दोन्ही अंक ९, आणि पहिला व शेवटचा मिळून ९. उदाहरणार्थ ५९९४, १९९८, ०९९९.

तिसरा साचा नाहीच. अंकांची बेरीज पहिल्या साच्यात १८ आणि दुसऱ्यात २७ होते. तुमचे उत्तर दोन्हींत बसत नसेल तर हातचा घेताना चूक झाली आहे, पुढे न जाता तिथेच दुरुस्त करा. वर्गात तीस-चाळीस मुले एकाच वेळी वेगवेगळ्या संख्या घेऊन बसली असतील तर ही चाचणी फार उपयोगी पडते. शिक्षकांना प्रत्येकाची वजाबाकी करून पाहावी लागत नाही, नुसत्या नजरेने वही तपासता येते.

जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात?

सात. २००५ चा प्रवास पाहा: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

१००० ते ९९९९ मधल्या, चारही अंक सारखे नसलेल्या ८,९९१ संख्यांपैकी ३५६ एका पायरीत पोचतात, ५१९ दोन पायऱ्यांत, २,१२४ तीन, १,१२४ चार, १,३७९ पाच, १,५०८ सहा आणि १,९८० सात पायऱ्यांत. उरलेली एक म्हणजे स्वतः ६१७४. सर्वांत मोठा गट तीन पायऱ्यांचा आणि त्याखालोखाल सातचा, हे पहिल्यांदा पाहताना अनपेक्षित वाटते.

कोणी 'आठ पायऱ्या लागल्या' म्हणत असेल तर बहुधा शेवटची ७६४१ − १४६७ ही खात्रीची वजाबाकीही मोजलेली असते. ६१७४ पहिल्यांदा दिसले की मोजणी संपली.

पण असे का होते? त्यामागे काय कारण आहे?

चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड आहेत असे धरा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरते:

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

म्हणजे उत्तर ठरवायला चार अंक लागतच नाहीत, दोन फरक पुरतात. अ − ड ला बाहेरचा फरक आणि ब − क ला आतला फरक म्हणू. ३५२४ आणि ८१६५ यांची तुलना करा. पहिलीत अंक ५, ४, ३, २, म्हणजे बाहेरचा फरक ३, आतला १. दुसरीत अंक ८, ६, ५, १, म्हणजे बाहेरचा ७, आतला १. उत्तरे ३०८७ आणि ७०८३. अंक तेच! पुढच्या पायरीपासून दोन्ही संख्यांचा रस्ता एक होतो.

बाहेरचा फरक १ ते ९ मधला काहीही असू शकतो. आतला फरक ० पासून बाहेरच्या फरकापर्यंत, त्याहून जास्त नाही, कारण ब आणि क हे अ आणि ड यांच्या मध्येच असतात. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + ४ + … + १० = ५४ भरतात. म्हणजे आठ हजार नऊशे एक्याण्णव संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येते. पुढच्या पायरीला अंकांचा क्रम कामाचा नसतो, त्यामुळे ३०८७ आणि ७०८३ सारखी उत्तरे एकत्र धरली की ५४ चे फक्त ३० गट राहतात.

हे ३० गट एका मोठ्या कागदावर मांडून प्रत्येकापासून पुढच्याकडे बाण काढावेत. तासाभराचे काम आहे. सगळे बाण शेवटी ६१७४ कडे येतात हे स्वतःच्या हाताने पाहिलेले असले की उत्तर पाठ करावे लागत नाही.

वरच्या चाचणीतले दोन साचेही इथूनच निघतात. आतला फरक शून्य नसेल तर उत्तराच्या हजारांच्या घरात बाहेरचा फरक, शतकाच्या घरात आतला फरक वजा १, दशकाच्या घरात ९ वजा आतला फरक आणि एककाच्या घरात १० वजा बाहेरचा फरक बसतो. कडेच्या दोन घरांची बेरीज १० आणि मधल्या दोघांची ८ होणारच.

६१७४ शिवाय दुसरी कोणतीच संख्या का चालत नाही?

स्वतःवर परत येणाऱ्या संख्येत वरचे चार अंक असे हवेत, की त्यांना उतरत्या क्रमाने लावल्यावर पुन्हा तेच बाहेरचे आणि आतले फरक मिळतील. समजा बाहेरचा फरक प आणि आतला फ आहे. अंक झाले प, १० − प, फ − १, ९ − फ. यातला सर्वांत मोठा कोणता आणि सर्वांत लहान कोणता, याच्या अनेक शक्यता होतात. एक सोडून बाकी शक्यतांत उत्तर अपूर्णांकात येते किंवा आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा मागितला जातो वगैरे विसंगती निघते. उरलेल्या एकीत ९ − फ हा सर्वांत मोठा आणि फ − १ हा सर्वांत लहान अंक धरायचा. त्यांचा फरक १० − २फ, आणि तोच प असायला हवा. फ हा प पेक्षा मोठा नसल्यामुळे फ तीनपर्यंतच जाऊ शकतो. शिवाय मधल्या दोन अंकांचा, म्हणजे प आणि १० − प यांचा, फरक सम असतो, म्हणून फ सम हवा. राहिला फक्त फ = २. मग प = ६, आणि ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४. आतला फरक शून्य असलेला दुसरा साचा वेगळा तपासावा लागतो, तिथे काहीच जुळत नाही.

एक इशारा. एवढ्यावरून 'सगळ्या संख्या ६१७४ ला पोचतात' हे सिद्ध होत नाही. स्थिर संख्या एकच आहे, एवढेच सिद्ध होते. संख्या एखाद्या चक्रात फिरत राहण्याची शक्यता उरते, आणि ती फेटाळायला ते ३० गट तपासावेच लागतात. अनेक लेखांत हा टप्पा गाळलेला असतो.

दोन, तीन, पाच अंकी संख्यांचे काय?

तीन अंकांत ४९५ हा स्थिरांक आहे आणि जास्तीत जास्त सहा पायऱ्या लागतात. १०० पासून निघालात तर ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. तिथे उत्तर ९९ × (मोठा अंक − लहान अंक) एवढेच असल्याने नऊच उत्तरे शक्य असतात. लहान मुलांना आधी हा तीन अंकी प्रकार द्यावा, कारण तो पूर्ण सिद्ध करायला पाटीदेखील पुरते.

दोन अंकांत स्थिरांक नाही, चक्र आहे: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. इथेही शून्य जपायचे.

पाच अंकांतही स्थिरांक नाही. तीन चक्रे आहेत. एक दोन संख्यांचे: ५३९५५, ५९९९४. दोन चार-चार संख्यांची: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. त्यामुळे पाच अंकांत 'उत्तर येत नाही' म्हणून वह्या भरत बसू नका. एकदा आलेली संख्या पुन्हा आली की थांबा.

सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत, पण सगळ्या संख्या त्यांना पोचत नाहीत, काही चक्रात अडकतात. दहा अंकांत एक देखणा स्थिरांक आहे: ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक त्यात एकदाच येतो.

संगणकावर प्रोग्राम लिहिताना काय बिघडते?

तेच शून्य. संख्या पूर्णांक म्हणून साठवली की ०९९९ चे ९९९ होते, आणि वर सांगितलेल्या ६८ संख्यांसाठी प्रोग्राम शून्यावर थांबतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक पायरीला उत्तर चार अक्षरी मजकुरात बदला, कमी पडणारी शून्ये डावीकडे भरा, मग अंक क्रमाने लावा. स्प्रेडशीटमध्येही रकाना 'मजकूर' प्रकारचा ठेवावा, नाहीतर पुढची शून्ये आपोआप गळतात.

दुसरी चूक थांबण्याच्या अटीत होते. 'उत्तर ६१७४ येईपर्यंत फिरव' असे लिहिले आणि ४४४४ दिले, तर प्रोग्राम शून्यावर फिरत राहतो. आधी चारही अंक सारखे आहेत का ते तपासा आणि 'उत्तर आधीच्या यादीत आहे का' ही अट ठेवा. मग तोच प्रोग्राम पाच अंकांची चक्रेही पकडतो. प्रोग्राम बरोबर आहे का हे पडताळायला वरचे आकडे वापरा: सात पायऱ्यांच्या संख्या १,९८० च भरल्या पाहिजेत.

'कापरेकर संख्या' आणि 'कापरेकर स्थिरांक' एकच का?

नाही. ही गल्लत फार होते. ६१७४ हा स्थिरांक आहे, तो कापरेकर संख्या नाही.

कापरेकर संख्या म्हणजे अशी संख्या, जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.

तुकडा कुठे पाडायचा? मूळ संख्येत जितके अंक तितके उजवीकडून घ्या, बाकीचे डावीकडचे. ९९९ चा वर्ग ९९८००१, म्हणून तुकडे ९९८ आणि ००१. उजवा तुकडा निव्वळ शून्यांचा चालत नाही. नाहीतर तुकड्याची लांबी मोकळी ठेवणाऱ्यांना १०० चा वर्ग १००००, त्याचे १०० आणि ०० करून १०० लाही आत घ्यावे लागेल.

काही याद्यांत ४८७९ दिसते, काहींत नाही. का?

४८७९ चा वर्ग २३८०४६४१. चार अंकांवर तोडला तर २३८० + ४६४१ = ७०२१, जमत नाही. पाच अंकांवर तोडला तर २३८ + ०४६४१ = ४८७९, जमते. उजव्या तुकड्याची लांबी मोकळी ठेवणारे ही संख्या यादीत घेतात, कडक नियम पाळणारे वगळतात. ५२९२ चे असेच आहे: वर्ग २८००५२६४, तुकडे २८ आणि ००५२६४. दोन याद्या जुळल्या नाहीत तर आधी व्याख्या पाहा.

या संख्या शोधायच्या कशा? एकेकीचा वर्ग करत बसायचा का?

तशी गरज नाही. हाच भाग आम्हाला सगळ्यात समाधान देणारा वाटतो, कारण इथे जादू विरते आणि तरीही गोडी कमी होत नाही.

चार अंकी संख्या न घ्या. तिचा वर्ग = डावा तुकडा × १०,००० + उजवा तुकडा, आणि न = डावा + उजवा. पहिल्यातून दुसरे वजा केले की न × (न − १) = डावा तुकडा × ९,९९९. म्हणजे न × (न − १) ला ९,९९९ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ९,९९९ = ९ × ११ × १०१. लगतच्या दोन संख्यांना १ सोडून सामाईक भाजक नसतो, त्यामुळे ९, ११ आणि १०१ यांपैकी प्रत्येकाने एकतर न ला पूर्ण भाग जातो किंवा न − १ ला. तीन भाजक, प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणून एकूण आठच संख्या.

एक काढून पाहू. ९ आणि ११ ने भाग जाणारी, पण १०१ ने भागल्यावर १ उरणारी संख्या हवी. ती ९९ च्या पाढ्यात असणार. ९९ म्हणजे १०१ ला २ कमी, म्हणून ९९ × ५० हे १०१ × ५० पेक्षा १०० ने कमी, आणि १०० ने कमी म्हणजे बाकी १. उत्तर ४९५०. पडताळा: वर्ग २४५०२५००, आणि २४५० + २५०० = ४९५०. त्याच रीतीने ९०९ च्या पाढ्यात ७२७२ मिळते आणि ११११ च्या पाढ्यात ७७७७. आठही संख्या अशा: १ (चार घरांत ०००१), २२२३, २७२८, ४९५०, ५०५०, ७२७२, ७७७७, ९९९९.

आता जोड्या पाहा. २२२३ + ७७७७ = १००००, २७२८ + ७२७२ = १००००, ४९५० + ५०५० = १००००. न ही कापरेकर संख्या असेल तर १०००० − न हीसुद्धा असते, कारण प्रत्येक भाजकापुरते 'न' आणि 'न − १' यांच्या जागांची फक्त अदलाबदल होते. तीन अंकांत ९९९ = २७ × ३७, म्हणून चारच संख्या: १, २९७, ७०३, ९९९.

स्वयंभू संख्या म्हणजे काय? तिलाच देवळाली संख्या म्हणतात का?

हो, कापरेकरांनी आपल्या गावावरून तिला देवळाली संख्या असेही नाव दिले.

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ + ४ + ७ = ५८. म्हणजे ४७ ही ५८ ची जनक. ५८ पासून ७१, ७१ पासून ७९, अशी साखळी चालते. ज्या संख्येला जनकच नसतो ती स्वयंभू. १०० पर्यंत अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. पुढे १०८, ११०, १२१. यादी ११-११ ने वाढते असे वाटून अनेक जण १०८ नंतर ११९ लिहितात. ते चूक आहे, कारण १०९ + १० = ११९.

तपासणीसाठी सगळ्या लहान संख्या चाळायची गरज नाही. जनकाला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी ही दिलेल्या संख्येच्या पाचपटीच्या बाकीएवढीच असते. ९७ पाहू. ९७ × ५ = ४८५, बाकी ८. दोन अंकी संख्येची अंकबेरीज १८ च्या वर जात नाही, म्हणून जनक ७९ ते ९६ मध्येच हवा. बाकी ८ देणाऱ्या तिथे दोनच, ८० आणि ८९. त्यांपासून ८८ आणि १०६ मिळतात, ९७ नाही. झाले, ९७ स्वयंभू.

याच रीतीने १९३० तपासून पाहा. ज्या वर्षी कापरेकर देवळालीच्या शाळेत रुजू झाले ते वर्षही स्वयंभू निघते. ६१७४ मात्र नाही, तिचा जनक ६१५६.

दोन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १०१ (९१ आणि १००). तीन जनकांची सर्वांत लहान संख्या थेट १०,००,००,००,००,००१, म्हणजे एकावर अकरा शून्ये आणि मग एक, असे अनेक जण लिहितात, पण त्यात एक शून्य कमी पडते. दहाच्या तेराव्या घातात १ मिळवायचा, म्हणजे एकूण चौदा अंक. तिचे जनक ९९९९९९९९९९८९२, ९९९९९९९९९९९०१ आणि १००००००००००००० हे आहेत. अंक मोजून घ्या, प्रत्येक घराला किंमत आहे.

हर्षद संख्या?

स्वतःच्या अंकबेरजेने पूर्ण भागली जाणारी संख्या. हर्ष देणारी ती हर्षद, नाव संस्कृतातून कापरेकरांनीच घेतले. १८ ची अंकबेरीज ९, भाग जातो. १७२९ ची १९, आणि १९ × ९१ = १७२९. ६१७४ ची १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. परदेशी पुस्तकांत याच संख्यांना निवेन संख्या म्हटलेले आढळते. लागोपाठ हर्षद संख्या जास्तीत जास्त वीसच असू शकतात हे १९९३ मध्ये सिद्ध झाले.

डेम्लो हे नाव कुठून आले?

डोंबिवलीवरून. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे जुन्या जी.आय.पी. रेल्वेचे हे स्थानक, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. सर्वांत ओळखीच्या डेम्लो संख्या म्हणजे एकांच्या रांगांचे वर्ग: ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा मनोरा शाबूत राहतो, १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या घरात १० जमा होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि डावीकडचा ८ नाहीसा होतो.

हे खरे गणित आहे, की नुसते मनोरंजन?

त्यांच्या हयातीत अनेक व्यावसायिक गणितज्ञांना हे क्षुल्लक वाटले. आक्षेप असा, की हे गुणधर्म संख्येचे नाहीत, ती दहाच्या पायात, म्हणजे ० ते ९ हे दहा अंक वापरून, लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आक्षेपात तथ्य आहे. पाया बदलला की ६१७४ ला काही महत्त्व राहत नाही. पण पाया ४ (फक्त ० ते ३ हे अंक) घेतला तर ३२१० − ०१२३ = ३०२१ असा नवा स्थिरांक भेटतो, पाया ५ मध्ये ३०३२. मग कोणत्या पायात, किती अंकांना स्थिरांक असतो आणि कधी चक्र, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो दहाच्या पायाला बांधलेला नाही. वर ४९५० काढताना वापरलेली बाक्यांची रीतही संख्या-सिद्धांताच्या पायाभूत रीतींपैकी आहे. आमच्या मते कापरेकरांच्या कामाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी निष्कर्ष पाहिले, त्यांतून निघणारे प्रश्न पाहिले नाहीत.

जगाने त्यांची दखल केव्हा घेतली?

उशिरा. त्यांचे बरेचसे लेखन लहान नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत होते, त्यामुळे ते दूरवर पोचत नव्हते. मार्च १९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले, आणि मग नाव सर्वदूर झाले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.